तालुका कोर्टातल्या खुर्चीवर कोण बसतं, आणि त्याला निवडतात कसं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी तालुक्याच्या गावची आहे. 2024 साली एलएलबी झाली, सनद घेतली, आता एका सिनियर वकिलांकडे जाते. घरी शेती. तिला तीन गोष्टी हव्या आहेत. तीन वर्षं वकिली केल्याशिवाय न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसता येत नाही हे खरं का? निवड नेमकी कशी होते, त्यात ओळखीपाळखी चालतात का? आणि तिला कौटुंबिक न्यायालयातच न्यायाधीश व्हायचंय, तर तिथं थेट जाता येतं का?

मी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे न्यायसेवेतल्या पहिल्या पायरीवर लागलो आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो. मधली चार वर्षं कौटुंबिक न्यायालयात काढली. आता दर रविवारी या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना शिकवतो, तेव्हा हे प्रश्न मला नवे नाहीत. उत्तर मात्र जरा लांब होईल.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याबाबत गैरसमज फार आहे. कौटुंबिक न्यायालयाची परीक्षा देऊन कोवळ्या वयात तिथं बसता येत नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियम 1984 च्या कलम 4 प्रमाणे तिथल्या न्यायाधीशाला किमान सात वर्षं न्यायिक पदाचा किंवा सात वर्षं उच्च न्यायालयातल्या वकिलीचा अनुभव लागतो. नेमणूक राज्य सरकार करतं, पण उच्च न्यायालयाच्या सहमतीनं. वयाची 62 वर्षं उलटल्यावर ते पद धारण करता येत नाही. याच कलमात एक सुंदर तरतूद आहे, ती मुळातून वाचा: विवाहसंस्था जपण्याची आणि मुलांचं हित साधण्याची ज्यांना आस्था आहे, सल्लामसलत आणि समेटानं वाद मिटवण्याचा ज्यांना अनुभव आहे, अशीच माणसं निवडण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, आणि स्त्रियांना प्राधान्य द्यावं. दिवाणी न्यायाधीशाच्या नेमणुकीच्या नियमांत स्वभावाबद्दल असं एक अक्षरही तुम्हाला सापडणार नाही.

पण कायद्यात लिहिलं म्हणून ते प्रत्यक्षात उतरतंच असं नाही. महाराष्ट्रात कौटुंबिक न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी 1990 चे स्वतंत्र भरती नियम होते. त्यानुसार थेट भरती झाली, चांगली माणसं आली. पुढं त्यांच्यापैकी काहींनी विचारलं की, उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून आमचा विचार का होत नाही? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2010 मध्ये उत्तर मिळालं की हे न्यायाधीश राज्याच्या न्यायिक सेवेतल्या जिल्हा न्यायाधीश संवर्गाचा भाग नाहीत, म्हणून तो मार्ग त्यांना खुला नाही. निकाल कायद्याच्या चौकटीत बसतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण परिणाम बघा. ज्याला हेच काम मनापासून करायचंय, त्याला सांगितलं गेलं की इथं आलास तर पुढची वाट बंद. मग बहुतेक वेळा होतं असं की न्यायिक सेवेतलाच अधिकारी काही काळ कौटुंबिक न्यायालयात येतो आणि बदलीची वेळ आली की जातो. त्याला समेटाची आवड आहे की नाही, हे कुणी विचारलेलं नसतं. मलाही विचारलं नव्हतं. बदलीच्या यादीत नाव आलं, मी सामान बांधलं आणि हजर झालो.

पहिल्याच महिन्यातला एक दिवस सांगतो. दुसरीतला एक मुलगा, पाठीवर दप्तर, शाळेतून थेट आणलेला. वडिलांना महिन्यातून दोन शनिवार भेट, तीही कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. मुलगा दारातच बसून राहिला, आत जाईना. आई म्हणाली, बघा साहेब, याला जायचंच नाही. वडील म्हणाले, हिनंच पढवून आणलंय. मी सवयीप्रमाणे दोघांचे अर्ज मागवून घेतले, म्हणणं दाखल करायला तारीख दिली. आमच्या विवाह समुपदेशक बाई उठल्या, मुलाशेजारी जमिनीवर बसल्या, आणि त्याच्या दप्तरातली कंपासपेटी उघडून बघू लागल्या. दहा मिनिटांनी तो स्वतःहून आत गेला. कारण साधं होतं. आधीच्या भेटीत वडिलांनी त्याला नवीन बूट आणले होते, घरी ते बूट आईनं फेकून दिले होते, आणि वडील बुटांचं विचारतील याची त्याला भीती वाटत होती. दोन्ही बाजूंच्या अर्जांत बुटांबद्दल एक शब्द नव्हता. तोवर माझी पंधराएक वर्षं सेवा झाली होती, शेकडो हुकूमनामे लिहून झाले होते, पण पोराशेजारी जमिनीवर बसायचं असतं हे मला कुठल्या परीक्षेनं किंवा प्रशिक्षणानं शिकवलं नव्हतं.

तुमच्या निर्धाराला मात्र यामुळं धक्का बसू देऊ नका. महाराष्ट्रात सुरुवातीच्या पायरीवर न्यायाधीशाचं पद एकच निघतं: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. पोटगीचे अर्ज (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144) आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या 2005 च्या कायद्याखालचे अर्ज तालुक्यात याच न्यायाधीशासमोर येतात. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही, तिथं हिंदू विवाह कायद्याखालच्या याचिका दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर ऐकतात. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात कौटुंबिक न्यायालय असणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण बाकी महाराष्ट्रातल्या कित्येक बायकांसाठी कौटुंबिक न्यायालय म्हणजे तालुक्याचं कोर्टच. सकाळी रिमांड, मग न वटलेल्या चेकच्या केसेस, दुपारी पोटगी, त्यानंतर निशाणी 5 वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा युक्तिवाद, असा तो दिवस असतो. तेव्हा कौटुंबिक काम तुम्हाला खुर्चीवर बसल्याच्या पहिल्या आठवड्यात मिळेल, सात वर्षं थांबावं लागणार नाही.

आता तीन वर्षांचा मुद्दा. हो, खरं आहे. 20 मे 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठानं ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं की कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिली हवी. ही अट नवी नाही. 1993 मध्ये याच प्रकरणमालिकेत ती आली. न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या न्या. जगन्नाथ शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर 2002 मध्ये ती उठली, कारण तेव्हा न्यायालयाला वाटलं की तीन वर्षं वकिलीत रमलेला हुशार मुलगा सेवेकडे वळत नाही. वीसेक वर्षांच्या अनुभवानंतर बहुतेक उच्च न्यायालयांनी सांगितलं की थेट महाविद्यालयातून आलेले न्यायाधीश वकिलांशी आणि पक्षकारांशी नीट वागू शकत नाहीत, आणि अट परत आली. महाराष्ट्राच्या 2008 च्या न्यायिक सेवा नियमांत तीन वर्षांच्या वकिलीचा मार्ग होताच. त्याच्या जोडीला ठरावीक टक्केवारीनं पास झालेल्या ताज्या पदवीधरांनाही वाट होती. या निकालानं बंद झाली ती ही दुसरी वाट. निकालाआधी ज्यांची भरती सुरू झाली होती, त्यांना अट लागू नाही.

तुमच्यासारख्यांनी त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ही तीन वर्षं तात्पुरती सनद मिळाल्यापासून मोजायची, त्यानंतरची ऑल इंडिया बार एक्झाम ही वकिलांची परीक्षा पास झाल्यापासून नव्हे. आणि पुरावा म्हणून त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेलं कामही या मुदतीत धरतात.

दाखल्याबद्दल कळकळीनं सांगतो. वर्गात येणारी काही मुलं सरळ विचारतात, सर, दाखला कुणाकडून मिळेल? तीन वर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत बसायचं आणि शेवटी गावच्या ओळखीच्या वकिलांची सही आणायची, असा त्यांचा बेत असतो. न्यायाधीश होण्याची सुरुवात खोट्या कागदानं करायची असेल तर ती खुर्ची आपल्यासाठी नाही, हे त्यांना मी तोंडावर सांगतो. तुम्ही रोज कोर्टात उभ्या राहा. वकालतनाम्यावर स्वतःचं नाव घाला, म्हणजे रोजनाम्यात, कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीत, हजेरी दिसेल. तारखेच्या अर्जापलीकडे जा. सिनियरना म्हणा, एक साक्षीदार मला द्या. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, सरतपासणीचं शपथपत्र, उलटतपासणी, युक्तिवाद, हुकूमनामा आणि मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, असा एक तरी दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घाला. दरखास्त विसरू नका. हुकूमनामा मिळूनही ताबा न मिळालेला माणूस अंमलबजावणी बघणाऱ्या नाझरच्या टेबलापाशी कसा उभा असतो, हे ज्यानं पाहिलं त्याचे निकाल वेगळे उतरतात. त्यात शब्द मोघम राहत नाहीत, चतुःसीमा चुकत नाहीत.

या अटीला विरोध करणाऱ्यांचंही एक म्हणणं मला पटतं. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातल्या मुलीनं तीन वर्षं कशावर काढायची? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या बारमध्ये कित्येक ज्युनिअर गाडीभाड्याच्या पैशांवर काम करतात. तीन वर्षं बंधनकारक केलीत तर त्या तीन वर्षांचा खर्च कुणी उचलायचा, हे उच्च न्यायालयानं आणि सरकारनं ठरवायला हवं. नाहीतर ज्यांच्या वडिलांचं आधीच वकिलीचं ऑफिस आहे, त्यांचीच मुलं पुढं सरकतील, आणि सेवेत आता कुठं दिसू लागलेली गावाकडची पोरं पुन्हा बाहेर पडतील. हा धोका मला खरा वाटतो.

निवडीची पद्धत तुम्हाला जाहिरातीतही वाचायला मिळेल, म्हणून थोडक्यात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 234 प्रमाणे लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार राज्यपाल नेमणूक करतात. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तराची परीक्षा एमपीएससी घेते. शंभर गुणांची बहुपर्यायी पूर्वपरीक्षा, जिचे गुण पुढं धरले जात नाहीत. मग शंभर-शंभर गुणांचे दोन लेखी पेपर, एक दिवाणी, एक फौजदारी. मराठीत किंवा इंग्रजीत लिहिता येतात. शेवटी पन्नास गुणांची मुलाखत. जिल्हा न्यायाधीशांची थेट भरती मात्र उच्च न्यायालय स्वतः करतं. गोव्यात कनिष्ठ स्तराची परीक्षाही मुंबई उच्च न्यायालयच घेतं. तिथं कोकणी यावीच लागते आणि मराठी आली तर चांगलं. आपल्याकडे मराठी बोलता, वाचता, लिहिता येणं आणि मराठीतून इंग्रजीत व उलट भाषांतर करता येणं ही अट आहे. ती किरकोळ समजू नका. 1998 पासून आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. फेरफाराच्या नोंदीतला एक शब्द चुकीचा वाचला की वाटपाचा सगळा दावा वाकडा जातो.

अभ्यासाबद्दल एकच सांगतो. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालणार. पुढची कित्येक वर्षं दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवावी लागतील, तेव्हा जुनं टाकून देऊ नका.

ओळखीचं विचारलंत. लेखी परीक्षेत 200 आणि मुलाखतीत 50, हे प्रमाणच सांगतं की निकाल लेखी पेपर ठरवतात. मुलाखतीच्या मंडळावर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असतात. माझ्या सेवाकाळात शेतमजुराची, पट्टेवाल्याची, एसटी कंडक्टरची मुलं माझ्याबरोबर आणि माझ्यानंतर न्यायाधीश झालेली मी पाहिली आहेत. वशिल्यानं चालतं असं सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, आणि घरच्यांनाही बजावून ठेवा.

मुलाखतीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. वीस-पंचवीस मिनिटांत कलमं विचारली जातात, गाजलेले निकाल विचारले जातात. समोरचा माणूस ऐकून घेतो का, चिडतो का, गरीब पक्षकाराला ‘तुम्ही’ म्हणतो का, हे त्या खोलीत कळायची सोयच नाही. तिथं एक साधी गोष्ट करता येईल. उमेदवाराला एखाद्या पोटगीच्या प्रकरणाचे कागद द्यावेत, समोर नवरा-बायकोची भूमिका करणारे दोघं बसवावेत, आणि अर्धा तास त्याला ते प्रकरण हाताळताना बघावं. खर्च काही नाही. कायदा येतो की नाही हे लेखी पेपरनं आधीच तपासलेलं असतं, तेव्हा मुलाखतीनं माणूस तपासावा.

यादी लागली म्हणजे नेमणूक झाली असंही नाही. कागदपत्रं, जातवैधता, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी, एवढं पार पडल्यावर विधी व न्याय विभागाकडून आदेश निघतात. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी भरून द्यायच्या अर्जात, खरं तेच लिहा, आणि सगळं लिहा. आपल्या राज्यातल्या एका उमेदवाराचं प्रकरण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. निवड झाली होती; पूर्वी त्याच्यावर एक गुन्हा दाखल होता, पण 2004 मध्येच तो निर्दोष सुटला होता आणि ही माहिती त्यानं लपवली नव्हती. तरी नेमणूक नाकारली गेली, आणि गुन्ह्याची नोंद असलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराला मात्र ती मिळालेली होती. न्यायालयानं त्याचा फेरविचार करायला सांगितलं. पण निवड आणि तो निकाल यांच्यात आठ-नऊ वर्षं गेली. त्यानं काही दडवलं असतं तर ही संधीही मिळाली नसती.

उशिराची किंमत उमेदवारापेक्षा जास्त पक्षकार मोजतो. मलिक मझहर सुलतान प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं भरतीचं वार्षिक वेळापत्रकच ठरवून दिलं: जानेवारीत रिक्त पदांची संख्या कळवायची, आणि वर्षभरात सगळं उरकून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नवीन न्यायाधीश हजर व्हायचे. ते पाळलं जात नाही तेव्हा काय होतं ते मी एका तालुक्यात पाहिलं. तिथलं एक कोर्ट आठ महिने रिकामं होतं आणि कार्यभार माझ्याकडे होता. माझा स्वतःचा बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या प्रकरणांची यादी संपवून त्या हॉलमध्ये पोचेपर्यंत साडेतीन वाजलेले असायचे. अंतरिम पोटगीच्या एका अर्जाचा रोजनामा मी चाळला. ओळीनं सहा तारखांना एकच शेरा: ‘पीठासीन अधिकारी पद रिक्त. प्रकरण पुढील तारखेस ठेवण्यात येते.’ अर्जदार बाई बाहेरच्या बाकावर बसलेली होती. प्रत्येक तारखेला तिची एक रोजंदारी बुडायची, वर एसटीचं भाडं. सहा वेळा. त्या दिवशी मी तो अर्ज ऐकला आणि संध्याकाळी उशिरापर्यंत बसून हुकूम केला, पण त्या सहा रोजंदाऱ्या तिला कुणी परत दिल्या नाहीत.

2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश पाच वर्षांत करा असं सांगितलं होतं. आज 2011 च्या जनगणनेवर मोजलं तरी मंजूर पदं एकवीसच्या आसपास येतात, आणि तीही सगळी भरलेली नसतात.

पगाराचं विचारलं नाहीत, पण घरचे विचारतील. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानं कनिष्ठ स्तराचं सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये ठरवलं आणि ते लागू झालं आहे. पुढच्या वाटेबाबतही चांगली गोष्ट घडली आहे. 9 ऑक्टोबर 2025 च्या घटनापीठाच्या निकालानंतर सेवेतल्या न्यायाधीशालाही जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसता येतं. वकिली आणि सेवा मिळून सात वर्षांचा अनुभव आणि किमान 35 वर्षं वय हवं. पूर्वी हा मार्ग फक्त वकिलांना होता. आणि दृष्टिहीन उमेदवारांना न्यायसेवेतून वगळता येणार नाही, असाही निकाल मार्च 2025 मध्ये झाला आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर जरूर सांगा.

निवड झाल्यावर भाईंदरजवळ उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षणाला जाल. किमान एक वर्ष प्रशिक्षण झाल्याशिवाय कोर्ट देऊ नये, असं तीन वर्षांच्या अटीच्या 2025 च्या निकालातच आहे. तिथं निकालपत्र लिहायला उत्तम शिकवतात. तुम्ही आपणहून एक करा: सुट्टीच्या दिवसांत जवळच्या कौटुंबिक न्यायालयात जा, परवानगी घ्या आणि समुपदेशकांच्या खोलीत कोपऱ्यात बसा. काही लिहू नका, बोलू नका. दहा-बारा जोडपी ऐका.

तोवर तुमच्या सिनियरकडच्या पोटगीच्या फायली मागून घ्या. 2020 पासून दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं, ते भरण्याचं काम अंगावर घ्या. बाईला समोर बसवून एकेक रकाना विचारा: भाडं किती, मुलांची फी किती, औषधं किती, नवऱ्याच्या नावावर काय काय आहे. तिला आकडा आठवत नसेल तर थांबा, चहा मागवा, पुन्हा विचारा. अशी वीस शपथपत्रं भरून झाली की मला कळवा, मग पेपर लिहायच्या सरावाला बसू.